दोन पायल्या तूस

मुलींचे वसतिगृह, नागपूर
२८ नोव्हेंबर १९५४

बाबांना आणि आईला गुणाचा नमस्कार. कमरुद्दीनचाचांना सलाम, कारण हे पत्र नेहमीप्रमाणे तेच आपल्या दुकानात मोठ्याने वाचून दाखवणार. चाचा, एक विनंती आहे. शक्य झाले तर दुकानात गिऱ्हाईक कमी असताना वाचावे.

मी बरी आहे. मागच्या पत्रात मी लिहिले होते की मेसमध्ये रोज दोन भाज्या असतात. ते पूर्ण खरे नव्हते. रविवारी एकच असते. काळजी करू नये.

आता कामाचे. आमचे रसायनशास्त्राचे प्रोफेसर नाडगौडा यांनी शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला एक प्रयोग दिला आहे. आपापल्या गावची एक वस्तू आणायची आणि तिच्यातून असा पदार्थ काढायचा, ज्याचे अणू कड्यासारखे गोल जोडलेले असतात आणि त्या कड्यात कार्बनशिवाय दुसरेही एक मूलद्रव्य असते. सोपे करून सांगते. शेकोटीभोवती पाच जण एकमेकांचे हात धरून गोल बसले आहेत असे समजा. चार एका घरचे, ते कार्बन. पाचवा दुसऱ्या घरचा, तो ऑक्सिजन. असे कडे आपल्या धानाच्या तुसातून मिळते. त्या पदार्थाचे नाव फरफ्युराल. (चाचा, फर-फ्यु-राल.) तूस ॲसिडच्या पाण्यात उकळायचे, वाफ थंड करायची, की तेलासारखा द्रव मिळतो. त्याचा थेंब एका औषधात भिजवलेल्या कागदावर टाकला तर कागद लालभडक होतो. मी अजून पाहिलेला नाही, पुस्तकात वाचले आहे.

आमच्या टेबलावरही पाच जण आहेत, चार मुलगे आणि मी. पत्रू नावाचा एक जण पवनीच्या तंबाखूवर काम करतो आहे. त्याचे कडे सहा जणांचे आहे आणि त्यात नायट्रोजन आहे.

तर बाबा, मला दोन पायल्या तूस पाठवावे. फक्त तूस. गोठ्यामागच्या ढिगातले चालेल. वसतिगृहात पार्सल घेत नाहीत, म्हणून ते प्रोफेसर नाडगौडांच्या नावाने प्रयोगशाळेच्या पत्त्यावर पाठवावे. १५ जानेवारीच्या आत प्रयोग होऊन वहीवर सरांची सही झाली नाही, तर परीक्षेला बसू देत नाहीत. माझे वर्ष जाईल.

तुमची
गुणा

ता. क. पायल्या सपाट भरल्या तरी चालतील. शिगोशीग नकोत.


सिंदेवाही, कमरुद्दीन टेलरचे दुकान
६ डिसेंबर १९५४

गुणाबाईले बापाचा आशीर्वाद.

पोरी, तुयं पत्र भेटलं. माय बरी हाये, म्हैस बी बरी हाये. तू शिकली, पन बाप बी काई येडा नाई. इंग्रजाच्या राजात दौऱ्यावरचा सायब गावात डेरा टाके. त्याचा चपराशी घरोघर ये अन् म्हने, "सायबाच्या घोड्याले पेंढा पायजे." तुया आज्यानं एकडाव खरंच पेंढा नेला. तीन दिवस सायबानं त्याले उनात उभा ठेवला. पेंढा म्हनजे तांदूळ अन् कोंबडी, हे मले तवाच समजलं. मोठा मानूस तोंडानं लहान वस्तू मांगते.

अन् तू त् लहानपनापासून तशीच. भूक लागली त् म्हने, "मले पेजच दे माय, भात नको." आता म्हनते तूस! मास्तराच्या घरी कोनी भुसा पाठवते काय? लोक काय म्हनतील? अर्धा मन चिन्नोर तांदूळ पाठवून राह्यलो. वास असा, का नागभीडले गाडी बदलताना हमाल इचारन. पोत्यात खाली मधाची बाटली हाये, ते सायबाच्या बाईसाठी.

दुसरी गोष्ट. त्या चार पोट्ट्याईचे हात धरून गोल बसाचं काम नाई. तू तिथी शिकाले गेली.

दादाजी बोरकुटे, त्याचा अंगठा

लिहिणाऱ्याकडून: गुणाबेटी, मी शिंपी आहे. माप घेतो तेवढेच कापतो, तसेच दादाजीभाऊ बोलले तेवढेच लिहिले. तुझे पत्र मी तीनदा वाचून दाखवले. म्हणालो, "भाऊ, पोरीनं साफ तूस लिहिलं हाये." ते म्हणाले, "कमरूभाई, तुमी अक्षर वाचता, मी पोरगी वाचतो." हे लिहू नका असेही म्हणाले. दुकानात त्या वेळी फक्त अकरा लोक होते.


नागपूर
१६ डिसेंबर १९५४

बाबा आणि आई यांना नमस्कार.

पार्सल मंगळवारी पोचले. मी त्या वेळी टेबलाजवळ काचेची नळी धूत होते. सर सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "मिस बोरकुटे, तुमचे तूस आले आहे. उघडा." शिपायाने पोत्याची शिवण उसवली आणि आतून पांढराशुभ्र चिन्नोर निघाला. ॲसिडच्या वासावर त्याचा वास चढला. मागच्या टेबलावरचा एक मुलगा मोठ्याने म्हणाला, "अरे, कोणाच्या घरी लग्न आहे?"

सरांनी चिमूटभर दाणे तळहातावर घेऊन पाहिले. मग तूस खाली असेल अशा आशेने त्यांनी पोत्यात कोपरापर्यंत हात घातला. हात बाहेर आला तेव्हा त्यात मधाची बाटली होती.

"मिस बोरकुटे," ते म्हणाले, "हा कोणता प्रयोग आहे?"

बाबा, हे सर कसे आहेत ते मी आधीच लिहायला हवे होते. ती माझी चूक. एकदा एका विद्यार्थ्याने त्यांच्या घरी डझनभर संत्री नेऊन ठेवली. सरांच्या मुलाने त्यातले एक न विचारता खाल्ले. सरांनी बाजारातून दुसरे आणून डझन पुरा केला आणि टोपली परत केली. अशा माणसाला आपण वर्गासमोर अर्धा मण तांदूळ दिला.

मी म्हणाले, "सर, मी तूसच मागितले होते. माझ्या वडिलांचा गैरसमज झाला."

"तुमचे पत्र त्यांनी वाचले नाही?"

"वाचून दाखवले, सर. तीनदा."

चारही मुले टेबलाखाली वाकून काहीतरी शोधू लागली. सरांनी तांदूळ आणि मध कपाटात ठेवून कुलूप लावले आणि वर चिठ्ठी डकवली, "असंबद्ध पदार्थ. मालक मिस बोरकुटे." ते म्हणाले, "तूस पंधरा तारखेच्या आत आले तर सही. नाही तर नाही." मी रोज त्या कपाटाच्या शेजारी उभी राहते. फटीतून वास येतो. मेसचा भात जाड असतो आणि त्याला सोड्याचा वास येतो. पण मी कपाटाला हात लावलेला नाही.

पत्रू म्हणतो, "इथल्या मिलमधून आण ना भुसा. भुश्यावर काय गावाचं नाव लिहिलं असते?" लिहिलेले नसते. पण वहीतला पहिलाच रकाना आहे, "वस्तू कोठून आणली". तिथे सिंदेवाही लिहिले आणि तूस नागपूरचे वापरले, तर खाली लिहिलेल्या सगळ्या खऱ्या आकड्यांचा काय उपयोग?

हात अणू धरतात. आम्ही नाही. टेबलावर प्रत्येकाचे हात आपापल्या नळीला असतात.

बाबा, मी लाजून तूस म्हणत नाही. भात हवा असता तर भात मागितला असता. (हे लिहून मी थांबले आणि विचार केला. कदाचित मागितला नसता. पण या वेळी तूस म्हणजे तूसच आहे.) पाया पडते, तूस पाठवा.

गुणा


नागपूर
३० डिसेंबर १९५४ (पोस्टकार्ड)

बाबा, दोन आठवडी बाजार होऊन गेले असतील. पत्र नाही, पार्सल नाही. रागावलात का? "आपण तांदूळ दिला" असे मी लिहिले ते चुकले. तुम्ही प्रेमाने दिला. पंधरा दिवस उरले आहेत. पत्रूचा पदार्थ निघाला, त्याला सही मिळाली. टेबलावर आता माझी एकटीचीच वही कोरी आहे. पोस्टकार्ड सगळे वाचतात हे माहीत आहे, तरी लिहिते: तूस.

गुणा


सिंदेवाही
३ जानेवारी १९५५

गुणाबाईले आशीर्वाद.

रागावलो नाई. कामात होतो. खळ्यावर धानाची चुरनी चालू हाये.

तुया सायबाले तांदूळ पटला नाई त् राहू दे. आता छत्तीस अंडे पाठवून राह्यलो, आपल्याच कोंबड्याईचे. पार्सलबाबूच्या कागदावर अंडेच लिहिले हायेत. अंडे फुटू नाई म्हनून खोक्यात भवताल तूस भरलं. चांगलं दाबून भरलं, दोन पायल्यावर थोडं जास्तच असन. चिन्नोरचंच हाये, त्याच बांधीतलं, जिथला तांदूळ धाडला होता. लुचईच्या हलक्या धानाचं तूस मी कालेजात पाठवत नाई. अंडे काहाडल्यावर त्या तुसाचं काय कराचं थे तुयं तू पाय.

दादाजी बोरकुटे, अंगठा

लिहिणाऱ्याकडून: बेटी, खालचे भाऊंना वाचून दाखवणार नाही, पण ते बोलले नाहीत म्हणून लपवणे मला जमत नाही. तुझे दुसरे पत्र त्यांनी पुन्हा वाचायला लावले. मग म्हणाले, "चुकलो मी." त्याच आठवड्याच्या बाजाराला ते तुसाचे पोते डोक्यावर घेऊन स्टेशनात गेले. पार्सलबाबूने विचारले, "काय हाये?" हे म्हणाले, "तूस." "कुठी?" "नागपूर, कालेजात." बाबू फलाटावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असा हसला. म्हणाला, "काऊन दादाजी, नागपुरात म्हशी बी बीए करून राह्यल्या काय?" भाऊ पोते उचलून चार कोस चालत परत गावी गेले. तेव्हापासून पोट्टे त्यांना 'भुसा सेठ' म्हणतात. दुसऱ्या बाजाराला ते आलेच नाहीत. अंड्यांची युक्ती तुझ्या मायची, रुखमावहिनीची. मी म्हणालो, "भाऊ, प्रोफेसर अंडं खात नसन त्?" भाऊ म्हणाले, "मले काय त्याचं? अंडे पार्सलबाबूसाठी हायेत."


नागपूर
१७ जानेवारी १९५५

बाबा, आई, चाचा, सगळ्यांना नमस्कार. हे पत्र लांब होईल. चाचा, वेळ असेल तेव्हा वाचा.

खोके नऊ तारखेला आले. शिपायाने झाकण काढले आणि सर दोन पावले मागे सरले. ते अंड्याला हातही लावत नाहीत.

"मिस बोरकुटे, आता हे काय?"

"पॅकिंग आहे, सर," मी म्हणाले.

हे खोटे होते का, याचा मी दोन दिवस विचार केला. पार्सलच्या कागदाप्रमाणे अंडी हा माल आणि तूस हे पॅकिंग. माझ्या प्रयोगाप्रमाणे तूस हा माल आणि अंडी हे पॅकिंग. दोन्ही बाजूंनी पाहिले तर मी अर्धेच खोटे बोलले. तरी तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सरांच्या खोलीत जाऊन सगळे सांगितले. दौऱ्यावरचा साहेब, पेंढा, पार्सलबाबू, म्हशी, काही गाळले नाही. सरांनी चष्मा काढून पुसला. मग विचारले, "तुमचे वडील पोते घेऊन चार कोस परत गेले?" मी हो म्हणाले. त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "तूस नीट वाळले की सकाळी साताला प्रयोग लावा. मी लवकर येतो."

पाच अंडी फुटली होती. त्यांच्याजवळचे तूस मी वगळले आणि वहीत तसे लिहिले. उरलेले धुऊन, वाळवून, मोजून घेतले. ॲसिडच्या पाण्यात उकळायला ठेवले. वाफ नळीतून थंड होऊन थेंब थेंब खाली येऊ लागली, तेव्हा बदामासारखा वास सुटला. चारही मुले आपापले काम सोडून माझ्या टेबलाजवळ आली. पत्रूने भांडे धरले आणि मी कागदावर थेंब टाकला.

बाबा, कागद लाल झाला. पळसाच्या फुलासारखा नाही, त्याहून गडद. पिकलेल्या बोराहून लाल.

मला वाटले झाले, आता सही. पण सर म्हणाले, "हे लाल तुसामुळेच झाले, दाण्यामुळे नाही, हे कशावरून? तुसात कण्या असतात. त्यांच्यातून आले नसेल कशावरून?"

मी वही पुन्हा चाळली. चौदा तारीख होती. मग माझी नजर कपाटावर गेली.

"सर, तांदूळ त्याच बांधीतला, म्हणजे त्याच शेतातला आहे. वडिलांनी पत्रात लिहिले आहे."

"पत्र आहे?"

मी तुमचे पत्र नेहमी वहीत ठेवते. ते दाखवले. सरांनी "चिन्नोरचंच हाये, त्याच बांधीतलं" हे दोनदा वाचले, अंगठा पाहिला आणि कपाटाची किल्ली काढून दिली. मी तेवढ्याच वजनाचा तांदूळ तसाच उकळला. दुपारी चारला थेंब टाकला. कागद कसाबसा फिकट गुलाबी झाला, तोही उशिरा. म्हणजे रंग तुसाचाच. सर सगळ्या वर्गाला म्हणाले, "इतरांनी वस्तू आणली. मिस बोरकुटेंनी तुलना करायलाही वस्तू आणली. एकाच शेतातले तूस आणि दाणा, पुराव्यासकट." मी लगेच उठून म्हणाले की सर, ते मी आणले नाही, वडिलांनी माझे न ऐकता पाठवले. सर म्हणाले, "बसा. ते वहीत लिहा."

लिहिले. पहिल्या रकान्यात आहे: "तूस व तांदूळ, दादाजी बोरकुटे यांची बांधी, सिंदेवाहीजवळ, जिल्हा चांदा." खाली सही झाली. लाल शाईत शेराही आहे: "तुलनेनंतर उरलेला तांदूळ, मध व पॅकिंग विद्यार्थिनीने त्वरित संपवावे."

पॅकिंग मुलांनी प्रयोगशाळेतच गरम पाण्यात उकडले. सर तेवढा वेळ खिडकीबाहेर हवा पाहत उभे होते. हवेत पाहण्यासारखे काही नव्हते. तांदूळ मेसमध्ये दिला. बाबा, त्या दिवशी मी भात वाढून घेतला, आणि तो संपल्यावर पुन्हा मागितला. सगळ्यांसमोर, मोठ्याने. वाढणाऱ्या बाईंनी माझ्याकडे वळून पाहिले.

चाचांनी मागे दुकानात विचारले होते म्हणे, की त्या पाचव्या अणूला कड्यातून बाहेर का काढत नाहीत. अंड्यांच्या खोक्यात आईने दुसऱ्याकडून लिहून घेतलेली चिठ्ठी होती, तीत हे होते; तेव्हा मला उत्तर माहीत नव्हते. आता सरांना विचारले. तो काढला तर कडे तुटते. आणि त्या पदार्थाचे बरेचसे गुण त्या एकट्यामुळेच असतात.

सोबत लाल कागदाची एक पट्टी पाठवते. हा रंग टिकत नाही. तुमच्या हातात पडेल तेव्हा ती तपकिरी झालेली असेल. निघताना लाल होती. मी खरे सांगते.

सरांनी कॉलेजच्या छापील कागदावर एक पत्र दिले आहे, तेही सोबत आहे. पुढच्या वर्षाच्या वर्गासाठी त्यांना चार पायल्या तूस हवे आहे. कागदावर शिक्का आहे.

तुमची
गुणा


सिंदेवाही
२४ जानेवारी १९५५

गुणाबाईले बापाचा अन् मायचा आशीर्वाद.

पत्र भेटलं. यावेळी मीच कमरूभाईले म्हनलं, आता वाचू नका, बाजार भरू द्या. भरल्यावर वाचलं. मंग पुना वाचलं. जे मले भुसा सेठ म्हनत होते त्याईले पुढं बसवलं.

कागदाची पट्टी पायली. सगळे म्हनाले तपकिरी हाये. मी म्हनलं, पोरीनं लाल लिहिलं हाये त् लाल हाये. बात खतम.

कालेजचा कागद घेऊन स्टेशनात गेलो. पार्सलबाबूनं इचारलं, "काय हाये?" मी म्हनलं, "तूस. मोठ्या अक्षरात लिहा." शिक्का दाखवला. त्यानं उठून पोतं सोता तोलावर ठेवलं अन् हळूच इचारलं, "दादाजी, मायी पोरगी चवथीत हाये. तिले पुढं शिकवाव काय?" मी म्हनलं, "शिकवा. पन ते जे मांगन तेच पाठवजा."

तूस चार पायल्या हाये. तू लिहिलं तेवढंच. सायबाले सांग, यावेळी फकस्त तूस.

दादाजी बोरकुटे, अंगठा

लिहिणाऱ्याकडून: बेटी, मुबारक. भाऊ बोलले तेवढेच वर लिहिले आहे. पोत्याचे तोंड मात्र रुखमावहिनींनी माझ्याच दुकानात बसून शिवून घेतले आणि त्यापूर्वी मला पाणी आणायला पाठवले. मी परत आलो तेव्हा पोते होते त्याहून थोडे उंच दिसले. पण मी त्याचे माप घेतलेले नाही, म्हणून लिहीत नाही. पोते उघडताना प्रोफेसर साहेबांना हात घालू देऊ नको.